बाहेरून कुलूप

सावेडी, नगर
२४ डिसेंबर

चि. बेंजामिन यास,
सप्रेम सलाम. सौ. एंजलला आणि मुलांना आशीर्वाद. माझी तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तेवढाच घरात कोणाचा तरी आवाज. फोनच करणार होते, पण तू स्पीकर लावतोस आणि सगळं घर ऐकतं.

एक काम आहे. चर्चमधल्या कोणी विचारलं, तर ताई नाताळला आमच्याकडे पुण्याला होती, असं सांगशील का?

हसू नकोस. दर नाताळात गाणी म्हणत फिरणारी मंडळी शेवटी आपल्याच घरी टेकतात. तुझ्या भावजींनी पाडलेली रीत. ते गेल्यावरही मी करंज्या-चकल्या चुकवल्या नाहीत. बालवाडीच्या नोकरीला पेन्शन नसते, हे तुला ठाऊक आहे. यंदा तेलाचा आणि खोबऱ्याचा भाव विचारला आणि दुकानातून हात हलवत परत आले. तीस माणसांपुढे नुसता चहा ठेवायची लाज वाटली. पाळकसाहेबांना सांगून टाकलं, भावाने बोलावलंय. सगळे म्हणाले, बाई नशीबवान आहात. मग पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि मागच्या दाराने आत आले. तेव्हापासून दिवा न लावता बसले आहे. या वयात स्वतःच्याच घरात चोर झाले बघ.

काल संध्याकाळी मंडळी आलीच. मी ओट्याला टेकून गप्प उभी होते. ढोलकीवाले पुंजाराम बाहेर म्हणाले, "बाईंचं बी कुलूप. औंदा लाइनीत पाच घरं बंद हायेत. समदी गावालाच गेली की." मग जरा थांबून म्हणाले, "म्हना तरी एक गानं. मार्कभाऊंचं घर हाय."

बंद दारापुढे ते गाणं म्हणाले. मी पदर तोंडाशी धरून रडले. इतकं एकटं मला मार्क गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

गल्ली शांत झाल्यावर भिंतीपलीकडे कुकरची शिट्टी झाली. ते दयाचं घर. लेकीकडे राजूरला चाललेय, असं तिनेच मला सांगितलं होतं, आणि तिच्याही दाराला कुलूप आहे. इतकी वर्षं शेजारी राहून तुझं कसं भागतं, हे आम्ही एकमेकींना कधी विचारलं नाही. पैशाची चणचण आहे ती आपल्यालाच, असं दोघींना वाटत होतं. उरलेल्या तीन घरांचंही आता लक्षात आलं.

मी भिंतीवर थाप मारली. म्हटलं, "दया, मी आहे. मीपण कुठे गेले नाही."

ती भिंतीपाशी येऊन म्हणाली, "वरनभात केलाय बाई. मागच्या दारानं या."

दोघी अंधारातच जेवलो. उद्या सकाळी कुलपं काढून उपासनेला जायचं ठरलं आहे. मंडळींना चहाला बोलावू, नुसत्याच.

तेव्हा ते काम राहू दे. कोणी विचारलंच, तर खरं सांग. ताई आली नव्हती. आम्ही तिला बोलावलंच नव्हतं.

नगरलाच असलेली,
तुझी ग्लोरियाताई