चंद्रासाठी शिडी कुठे लावायची

१४ मार्च

प्रिय मुली,

भिंगरी हे नाव तुझ्या बाबांनी ठेवलेलं, म्हणून ते मी वापरत नाही. आशीर्वाद द्यावा की नमस्कार करावा, इथेही अडलो. दोन्ही घे. आई बरी आहे. मीही धडधाकट आहे.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, गणितच! तरी हरखून गेलो. आमच्या नाटकात रंगमंचावर तिरकी तार ताणली आहे. तारेच्या दोन तृतीयांशावर, नायिकेच्या डोक्यावर, कागदी चंद्र टांगायचा आहे. वर लोंबकळत तार मोजणं या वयात मला झेपणार नाही, म्हणून शिडी कुठे लावायची ते जमिनीवरूनच ठरवायचं होतं.

तू लिहिलंस तसं रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजलं. तारेचं पहिलं टोक दोन मीटर उजवीकडे, एक मागे, तीन वर. दुसरं टोक आठ, चार, सहा. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं: सहा, तीन, तीन. हा तुझा सदिश, म्हणजे पहिल्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतची वाट. त्याचे दोन तृतीयांश म्हणजे चार, दोन, दोन. झालं, म्हटलं, आता चंद्र उगवणार!

कोपऱ्यापासून मोजून ऐटीत शिडी लावली. दोन मीटर उंचीवर तार नव्हतीच, तिथे चौथऱ्यावर उभ्या असलेल्या आमच्या बासरीवाल्याचं नाक होतं. तार सैल पडली म्हणून मी सगळ्यांवर डाफरलो. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. गणिताची शेवटची ओळ मी गाळली होती: ‘यात पहिलं टोक मिळवा.’

त्याखालची ओळ मात्र पहिल्याच वाचनात दिसली होती. ‘आईला सांगा, सुट्टीत मी येत नाही.’

आईनं तुझ्या पलंगावर धुतलेली चादर घातली होती. पत्र वाचून तिनं ती काढली, घडी करून कपाटात ठेवली. मग भाजीत दोनदा मीठ पडलं आणि मी ती मुकाट्यानं खाल्ली.

तुझ्या बाबांची खुर्ची खिडकीपाशीच आहे. मी स्टुलावर बसतो. पाठ जरा कुरकुरते, पण माझं चालतं. हे घर माझ्या येण्यापासून सुरू झालेलं नाही, हे मला कळतं गं. पहिलं टोक तुझे बाबा आहेत. ते धरल्याशिवाय मी इथे काहीही मोजायला गेलो, तर माझी शिडी चुकीच्याच जागी लागणार.

‘आईसाठी ये’ असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला? तू घरात असावीस असं मलाही वाटतं. फार वाटतं.

तुझ्या आईचा नवरा,
आणि तू म्हणशील तो

*

१९ मार्च

काका,

नमस्कार. उत्तर सहा, तीन, पाच. पहिलं टोक मिळवायला आमचा निम्मा वर्ग विसरतो, त्यामुळे फार मनाला लावून घेऊ नका. बासरीवाल्यांची मात्र माफी मागा.

शनिवारी येते. चादर परत घालायला सांगा. चंद्र मी टांगते, तुम्ही शिडी धरा.

आणि त्या खुर्चीत बसत जा. बाबांचीही पाठ दुखायची, म्हणून तर ती घेतली होती.

तुमची,
भिंगरी