अंगणातली वाट

प्रिय ताई,

तू पाठवलेलं गिऱ्हाईक काल घर बघून गेलं.

परक्या देशात, आडगावात एकटीने घर घेतलं तेव्हा तू विचारलं होतंस, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" नव्हतंच बहुतेक. छप्पर गळतं, पावसात दारं फुगतात. शिवाय विकणाऱ्याने एक गोष्ट सोयीस्करपणे गिळली. गावाची शेताकडे जाणारी वाट माझ्या अंगणातून, थेट स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जाते आणि तो त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क आहे! मी फाटकाला कुलूप ठोकलं, तर शेळ्या पाळणाऱ्या शेजारणीने कडीच उपसून काढली आणि वर मला हात हलवून गेली. मी तिच्याशी अबोला धरला.

मग एकदा न्हाणीघराचं दार फुगून बसलं, आणि मी आत. ओरडून ओरडून घसा बसला. संध्याकाळी खिडकीखाली शेळ्यांच्या घंटा वाजल्या, तशी मी बादली बडवली. शेजारणीने आत येऊन खांद्याने दार पाडलं आणि मला टॉवेलात बघून पोट धरून हसली. मग मलाही हसू आवरेना. हे तुला कधी कळू दिलं नाही. तू मला पहिल्या विमानात बसवलं असतंस.

काल गिऱ्हाइकाने विचारलं, "इथे एकांत असेल ना?"

"छे हो! दिवसभर माणसं अंगणातून जातात. शेळ्यासुद्धा."

चहा अर्धा टाकून गेला बिचारा.

हे पत्र काही मी टाकणार नाही. फोनवर तुला एवढंच सांगेन, त्याला घर पसंत पडलं नाही.

थांबते. घंटा वाजायला लागल्यात.

तुझी,
कुणाचं न ऐकणारी धाकटी