काळ्या दोरीचा दगड

सेंदाई, २३ जुलै १९८४

प्रिय चिझुरू,

तुला व मुलांना अनेक आशीर्वाद. कोबेच्या उकाड्यात सगळे धडधाकट असाल.

बाबांनी पुन्हा किटली जाळली. शेजारच्या ओकुमुराबाईंनी फोन करून सांगितलं. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने क्योतोत एकटं राहणं आता पुरे. इथल्या वृद्धाश्रमात खोली राखून ठेवली आहे. ओबोनला पितरांसाठी येईन, तेव्हा सहीचे कागद घेऊनच येईन.

तू म्हणशील, दादा दगडाच्या काळजाचा. मग असं कर, रविवारी त्यांना घेऊन त्यांच्या नेहमीच्या मंदिरांच्या वाटेने फिरून ये. त्या बागांमध्ये त्यांनी पन्नास वर्षं माळीकाम केलंय. तिथेही डोकं चाललं नाही, तर तू आडवी येऊ नकोस. आणि त्यांच्या लाडापायी मला खोटं लिहू नकोस. तुझी ती सवय जुनी आहे.

तुझा,
कात्सुतोशीदादा

कोबे, ३० जुलै

ती. दादास,
चिझुरूचा नमस्कार. सिकाडा किडे इतके किरकिरतायत की लिहिताना कानात बोळे घातलेत.

काल फिरून आलो. साननेनझाकाच्या पायऱ्यांवर मी बाबांचा दंड धरला. इथे पडणारा तीन वर्षांत मरतो म्हणतात, तेव्हा तूच नीट धर, तुला पोरंबाळं आहेत, असं म्हणाले. एवढंच नव्हे, वाटेतल्या प्रत्येक पाईनच्या झाडाची त्यांना आठवण होती.

पण टेकडीखालच्या मंदिराच्या बागेत वेगळंच घडलं. वाटेला दोन फाटे होते. चहाघराच्या फाट्यावर काळ्या दोरीने बांधलेला दगड होता. पुढे येऊ नका, असं सांगणारा. लहानपणी तो नुसता ओलांडला म्हणून तू मार खाल्ला होतास. बाबांनी तोच दगड उचलला, दुसऱ्या फाट्यावर नेऊन ठेवला आणि बंद वाटेने खुशाल चालू लागले. मला वाटलं, संपलं. तुला काय लिहायचं, तेही मनात जुळवलं. खरं तेच लिहिणार होते.

तेवढ्यात म्हातारे भिक्षू धावत आले. बाबांपुढे कमरेत वाकले आणि सकाळी घाईत आपणच दगड चुकीच्या वाटेवर ठेवला म्हणाले. दुसऱ्या वाटेवर परवाच शेवाळ लावलं होतं, आणि लोक त्यावरूनच चालले असते. बाबा म्हणाले, "शेवाळाच्या तुकड्यांचे सांधे अजून दिसतायत. मला किटली दिसत नसेल, शेवाळ दिसतं."

दादा, मी तिथेच बाकावर बसून रडले. बाबांनी विचारलं तर घाम आलाय म्हटलं. तू वृद्धाश्रमात खोली राखल्याचंही सांगून टाकलं. निघण्याआधी त्यांना शिट्टीवाली किटली आणून दिली. आता तुला काय ठरवायचं ते ठरव, पण माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी धाकटी,
चिझुरू

सेंदाई, १८ ऑगस्ट

प्रिय चिझुरू,

आशीर्वाद. काल परत आलो.

तेराला दुपारी बाबांच्या फाटकाशी पोचलो. कागद पिशवीत होते. तुझं पत्र वाचूनही नेले होते, हे कबूल करतो. आतल्या पहिल्याच फरशीवर काळ्या दोरीचा दगड. पन्नाशीला टेकलेला मी, पण पाय पुढे टाकायची छाती झाली नाही. उन्हात तसाच उभा राहिलो. ओकुमुराबाई कुंपणावरून बघत होत्या, त्यांनाही हसू आवरेना.

मग दिसलं, डाव्या हाताची बागेतली वाट ओली होती. पाहुणा यायच्या आधी शिंपतात तशी, नुकतीच. त्या वाटेने गेलो तर ओसरीवर कलिंगड कापून ठेवलेलं, आणि बाबा पंखा घेऊन बसलेले. न्यायला आलायस की राहायला, असं त्यांनी विचारलं. राहायला म्हटलं. चार दिवस राहिलो. किटलीची शिट्टी रोज ऐकली. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा शांत झोपलो, चिझुरू.

निघताना दगड फाटकातून उचललेला होता. आता तो माझ्या टेबलावर आहे, बाबांनीच पिशवीत घातला. त्यासाठी जागा हवी म्हणून कागद त्यांनीच बाहेर काढले. ते कागद कुठे गेले, मी विचारलं नाही.

तुमच्या सगळ्यांवर लोभ आहेच,
दादा