दुखणं गुडघ्यात न्हाई

अहो,

तेलाची बाटली मी लपवलीय. गुडघा चोळू नका. दुखणं तिथं न्हाईच.

उळवीच्या जत्रेत, पंगतीला तुम्हाला मांडी घालता आली नाही. "जावयासारखा पाय पसरून बसलाय!" म्हणत परशूभावजी हसले. मला हसू आलं नाही. डॉक्टरीणबाईंसमोर ‘जांघ’ म्हणायला लाजलात आणि गुडघा दाखवून आलात, व्हय ना?

मी त्यांना फोनवर खरं सांगितलं. म्हणाल्या, खुब्याच्या हाडाला रक्त कमी पडलं तर ते मरायला लागतं. लवकर कळलं तर वाचवता येतं. साध्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. बेळगावच्या एमआरआय तपासणीची चिठ्ठी आणायला त्यांच्याकडं रामनगरला चाललेय.

पेज झाकून ठेवलीय. खुर्चीवर बसून प्या.

बेळगावात तुम्हीच बोला. लाजायचंच तर माझ्यापुढं लाजा. लग्नापासून राहूनच गेलंय.

तुळजा