पुजलेलं चक्र

जयेंद्रगंज, लश्कर
१४ एप्रिल १९५७

प्रिय कान्होदादा,

तुझं पत्र बुधवारी आलं. आईसमोर मोठ्यानं वाचलं. जबलपूरच्या कारखान्यातलं काम जमतंय, खोलीवरचा सोबती रोज भातच रांधतो, हे ऐकून ती हसली आणि मग डोळे पुसत आत गेली. आबा ओट्यावर पाठमोरे बसले होते. पत्राच्या शेवटी तू नेहमीसारखा फक्त आईला नमस्कार लिहिला होतास. मी वाचताना पदरचं ‘आबांनाही’ घातलं. दर वेळी घालते. आबा मान हलवतात. मी आत गेले की पत्र उचलून स्वतः वाचतात, हे मला ठाऊक आहे आणि मला ठाऊक असल्याचं त्यांनाही.

जानेवारीतल्या त्या शर्यतीनंतर तू आठवड्याच्या आत घर सोडलंस आणि आबांशी बोलणं टाकलंस, त्याबद्दल मी आजवर तुला काही लिहिलं नाही. बाजू कोणाची घ्यावी हेच कळत नव्हतं. नोव्हेंबरात झालेल्या नव्या प्रांताचा पहिला सायकल संघ निवडायचा होता. इंदूरचे, भोपाळचे, रेवा-जबलपूरचे गडी आपल्या शिवपुरी रस्त्यावर येणार होते. या शर्यतीत तू उतरलंच पाहिजेस, असा धोशा माझाच होता. कॉलेजातल्या वादसभेत ‘नवा प्रांत, नवा नागरिक’ यावर बक्षीस मिळवलेली मी. आपल्या घरातली पहिली बी.ए., त्यामुळे बोलायची सवय जरा जास्तच. ग्वाल्हेरचा पोरगा भोपाळच्या पोराच्या खांद्याला खांदा लावून निघाला की देश जोडला जाईल, असं मी तुला स्वयंपाकघरात सांगत होते आणि तू म्हणत होतास, ‘माले, देश नंतर जोड, आधी ती कॉटर पिन दे इकडे.’

ती सायकल तू किती हौसेनं बांधत होतास! मुरारच्या छावणीतून निघून गेलेल्या इंग्रजाची हलकी फ्रेम, मागच्या चाकाला लहानमोठी चार दातेरी चक्रं, आणि त्यांच्यासाठी लागणारी अरुंद चेन. तू मला समजावून सांगितलं होतंस की पुढचं चक्र, चेन आणि मागची चक्रं ही एकाच मापाची हवीत. जाड दात्यावर अरुंद चेन बसत नाही, वरच्यावर तरंगते. पुढचं चक्र तेवढं मिळायचं होतं. आणि दसरा आला.

आपल्याकडे दसऱ्याला शस्त्रं पुजतात. ग्वाल्हेर संस्थानची फौज मोडल्यावर आबांची बंदूक जमा झाली, तलवार काकांकडे राहिली. त्यांच्या हातात उरलं ते पलटणीच्या सायकलचं पुढचं चक्र. ज्या सायकलवरून त्यांनी इतकी वर्षं टपाल नेलं, तिच्या चक्रात संस्थानचं चिन्ह कोरलेलं होतं. लिलावात सायकल भंगारात गेली तेव्हा त्यांनी तेवढं चक्र मागून आणलं आणि दर दसऱ्याला पाटावर मांडून हळदकुंकू वाहू लागले. शेजारच्या लीलाताई हसायच्या, ‘सूर्याजीरावांनी चक्का पुजलाय, आता सोनं लुटायला टायर घेऊन जातील.’ गेल्या दसऱ्याला आरती झाल्यावर आबांनी ते चक्र पाटावरून उचललं आणि तुझ्या हातात ठेवलं. म्हणाले, ‘प्रांत बदलेल, झेंडा बदलेल. पुजलेलं हत्यार घेऊन उतर.’

तुझा चेहरा मी पाहिला होता दादा. तू एका नजरेत ओळखलं होतंस की दाते जाड आहेत. तू एवढंच म्हणालास, ‘आबा, ही चेन यावर नाही बसायची.’ त्यावर आबा हसले, ‘बसेगी क्यों नहीं? घासून बसवू.’ आणि दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर कानस घेऊन बसले. दिवाळी येऊन गेली तरी घासतच होते. एकेक दाता दोन्ही बाजूंनी. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, पोराच्या शर्यतीचं काम चाललंय. फौज सुटल्यापासून त्यांना इतकं रमलेलं मी पाहिलं नव्हतं. तूही नव्हतास. म्हणून तर तू गप्प राहिलास आणि तेच चक्र बसवलंस.

शर्यतीच्या दिवशी पनिहारच्या चढावर काय झालं ते तुला मी काय सांगू. तू पुढच्या चौघांत होतास. चढाला जोर लावलास आणि चेन उडाली. उतरून बसवलीस, पुन्हा उडाली. रस्त्याच्या कडेला आबांची सगळी जुनी पलटण उभी होती, पगड्या बांधून. आणि त्यांच्यातल्या जयसिंहरावांनी विचारलं, ‘क्या हुआ सूर्याजी, आपला घोडा बसला?’ तेव्हा आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘चेनला काय बोल लावता? पायात दम लागतो.’ लोक हसले. तू मान वर केली नाहीस. सायकल ढकलत चढ चढलास, पुढे जोर न लावता सीटवर बसूनच शर्यत पुरी केलीस, सगळ्यांत शेवटी. इंदूरचा तो उंच मुलगा तुला पाणी द्यायला आला होता. माझा नवा प्रांत तेवढ्या एका लोट्यात होता आणि माझं लक्षच नव्हतं, मी आबांकडे बघत होते.

आता पुढचं तुला ठाऊक नाही. मी पनिहारच्या मुलींच्या शाळेत शिकवते हे लिहिलंच होतं. सकाळच्या बसनं जाते. होळीनंतरच्या आठवड्यात एका सकाळी बस चढाला लागली, आणि खिडकीतून मला आबा दिसले. तुझी सायकल घेऊन. धोतराचा काचा मारलेला, पागोटं नाही, डोकं उघडं. ते चढत होते. उभे राहून, सगळं अंग पायडलवर टाकून. आणि माझ्या डोळ्यांदेखत चेन उडाली, पाय रिकामा खाली गेला आणि ते कडेच्या मुरमात कोसळले. मी उठून उभी राहिले. ड्रायव्हरला थांबवणार इतक्यात ते उठले, चेन बसवली, सायकल वळवली आणि पुन्हा पायथ्याकडे निघाले. पुन्हा चढायला. मग मी खाली बसले. डोक्यावर पदर ओढला. तिथं मी त्यांना दिसले असते तर ते मला कधीच क्षमा करू शकले नसते असं वाटलं. दिवसभर वर्गात मी काय शिकवलं देव जाणे.

संध्याकाळी आबा गुडघ्याला हळद लावून बसले होते. आईला म्हणाले, गल्लीत शेणावरून पाय घसरला. आई म्हणाली, ‘शेणात मुरूम कधीपासून मिळायला लागला?’ जेवल्यावर कंदील जवळ घेऊन चक्राच्या दात्यांवरून बोट फिरवत राहिले. एक दाता बारीक, एक जाड, एक वाकडा. ज्या हातांनी घासले होते त्याच हातांनी ते तपासत होते.

रविवारी मला म्हणाले, ‘बी.ए. झालीस ना? चल, डब्यावरचं इंग्रजी वाचायला.’ लश्करातल्या खासगी बाजारात दौलतसिंहांच्या सायकलच्या दुकानी गेलो. दौलतसिंहांनी टोमणा मारलाच, ‘क्यों दाऊ, राजेसाहेबांचा चक्का उतरणार?’ आबा म्हणाले, ‘दिखाओ, भाषण मत दो.’ मी खोक्यांवरची मापं वाचत गेले आणि ते एकेक वस्तू चेनवर ठेवून पाहत गेले. एक चक्र चेनला बसलं, पण जुन्या क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या, कण्यावर जाईना. दुसरं कण्यावर गेलं, पण मागच्या चक्रांच्या रेषेत येईना, चेन तिरकी ओढली जाई. शेवटी चक्र आणि दोन्ही क्रँक एकाच जोडातले घेतले, चेन नवी, मागचा चक्रांचा गठ्ठाही नवा, कारण जुन्या झिजलेल्या दात्यांवर नवी चेन टिकत नाही असं तू म्हणाला होतास. हो, तुझं नाव त्यांनी घेतलं. दुकानात, सगळ्यांसमोर: ‘कान्हो कहता था.’ तू गेल्यापासून पहिल्यांदा.

घरी बसवताना मला दोरा धरायला लावला, पुढून मागे, रेष पाहायला. चेन सगळ्यांत मोठ्या चक्रावरून फिरवून लांबी मापली, जास्तीचे दुवे काढले. क्रँकखाली लाकडाचा ठोकळा ठेवून तो कण्यावर धरणारी कॉटर पिन ठोकली. सगळं तुझ्यासारखं, पण हळू, कुणीतरी परीक्षा घेत असल्यासारखं. काढलेलं जुनं चक्र आईनं चुलीवर दुधाच्या पातेल्याखाली आधाराला घेतलं. मला वाटलं आता आबा घर डोक्यावर घेतील. त्यांनी पाहिलं, आणि दूध उतू जातंय एवढंच म्हणाले. मग सायकल घेऊन गेले. कुठं ते मी विचारलं नाही. परत आले तेव्हा घामानं भिजले होते. गुडघे धड होते, आणि चेहरा असा की मला रडू आलं, कारण त्या चढावर चेन धरून राहिली हे त्यांना कळलं होतं, आणि शर्यतीच्या दिवशी कोणाच्या पायात दम होता हेही.

आता हे पत्र का लिहितेय ते. आबा येत्या शुक्रवारी जबलपूरला निघतायत. शनिवारी दुपारच्या गाडीनं पोचतील, सायकल गार्डाजवळच्या सामानाच्या डब्यात असेल. सगळ्यांना सांगतायत की हायकोर्ट आता तिकडे गेलंय, जयसिंहरावांच्या दाव्यात साक्ष आहे. आईनं विचारलं, तो दावा तर ते माघातच हरले ना? तर म्हणाले, अपील. दादा, तू जे ऐकायला थांबला आहेस ते त्यांच्या तोंडून येणार नाही. मी रात्रंदिवस वाक्यं जुळवणारी बाई, मलाही त्यांच्यासाठी ते वाक्य जुळवता आलं नाही. ते विचारतील, इथलं पाणी कसं आहे, भात पचतो का. तू पाण्याचंच उत्तर दे. त्या दिवसाचं काढू नकोस, काढायला लावू नकोस. ते त्या चढावर एकटे पडून आले आहेत. तुला स्टेशनवर यायचं नसेल तर तशी मला तार कर, मी त्यांना काहीतरी सांगून थांबवीन. आणि यायचं असेल तर स्टेशनात लवकर जा. गर्दीत ते कुणाला शोधतायत असं दाखवणार नाहीत, सरळ समोर बघत चालत राहतील, तुला ठाऊक आहे. त्यांना मान वळवावी लागणार नाही अशा जागी उभा राहा.

तुझीच धाकटी,
वनमाला