चुलीवरचा सिंह

४ सप्टेंबर
पडक्या किल्ल्याच्या डागडुजीचं काम बघणाऱ्या बाई आज पुन्हा गावात. सगळं बांधून होत आलं, दरवाजाच्या कमानीतला सिंहाचा दगड तेवढा सापडत नाही म्हणे. सापडेल कसा! तो माझ्या चुलीवरच्या भिंतीत बसलाय. किल्ला ओस पडला तेव्हा सासऱ्यांनी बिनचाकी घसरगाडीवर घालून आणला. किल्ल्याचा दगड नाही असं घर गावात शोधून सापडायचं नाही. शेजारच्या सेलेस्तिनाने आपल्या दगडावर कॅलेंडर टांगलंय. मी सिंहावर टॉवेल वाळत घातला.

५ सप्टेंबर
दगड देऊन टाकू, नवऱ्याला म्हटलं. सेराफिनो उसळला. "आमच्या खापरपणजोबांनी वेठीला राबून अख्खा किल्ला पाठीवरून वर नेला. त्यातला एक दगड खाली आला तर काय बिघडलं?"
ओरेस्तेबद्दल अवाक्षर नाही. आमचा मुलगा त्याच किल्ल्यावर गवंडी आहे — आणि दोन वर्षं घरात पाऊल नाही. गुरं सोडून थापी हातात घेतली, तेव्हा बाप म्हणाला, मग राहा तिथंच. तो खरंच राहिला. दोघे एकाच माळेचे मणी.

११ सप्टेंबर
मक्याच्या पिठाचा पोलेंटा करपला. लक्षच नव्हतं.

१९ सप्टेंबर
सेलेस्तिना सांगत आली. बाईंनी ओरेस्तेला सगळ्यांदेखत विचारलं — तू इथलाच, सिंह कुणाच्या घरात आहे ते तुला ठाऊक असणार. तो म्हणाला, "गावात दगड पुष्कळ आहेत, बाई." बस्स. त्या सिंहासमोर जेवून मोठा झालेला पोरगा! बाई भयंकर चिडल्यात. त्याला कामावर ठेवतात की नाही, देव जाणे.
सेराफिनोला सांगितलं. तो शेळ्यांच्या धारा काढायला निघून गेला. मला रडू आलं. पोर बापासाठी नोकरी पणाला लावतं, आणि बापाला त्याचं नावही घेता येत नाही!

२९ सप्टेंबर
वरच्या कुरणातली गुरं खाली आली. घंटांचा नुसता कल्लोळ. ओरेस्ते हौदाशी उभा होता. आमच्या म्हाताऱ्या गाईने त्याला ओळखलं, भर वाटेत थांबली. सेराफिनोने तिला हाकललं नाही. तोही थांबला. मग गुरं घेऊन पुढे गेला.

२ ऑक्टोबर
चर्चमधून आले तर स्वयंपाकघरात धुरळाच धुरळा, सूपच्या भांड्यात चुना, चुलीवर हे भलं मोठं भगदाड! सेलेस्तिनाच्या नवऱ्याला हाताशी घेऊन सेराफिनोने सिंह उपटला होता. घसरगाडीवर बांधत होता. थंडी तोंडावर आलीय, आता भिंत कोण बांधणार, म्हणून मी खूप बोलले.
दोरी आवळता आवळता तो म्हणाला, "म्हणूनच तर वर चाललोय. गवंडी आणायला नको?"

३ ऑक्टोबर
ओरेस्ते सकाळपासून भिंतीशी आहे. बाप चुना कालवून देतोय.