दहीहंडी चालू झालीय

धनेश,

आप्पांचा हात टिपणारा टीव्हीवरचा सेन्सर-कॅमेरा चालू झालाय, आता हात लावू नकोस. काल बिघडला तो माझ्यामुळे.

परवा तू त्यावर तुझं सॉफ्टवेअरचं किट टाकलंस आणि हात उचलून टीव्हीवरच्या पणत्या लावायचा माझा खेळ बंद पडला. सहा महिने त्याच खेळावर मी आप्पांकडून हाताचा व्यायाम करून घेतेय, आणि तू बंगळुरूहून चार दिवसांसाठी येऊन दहीहंडीचा खेळ लावतोस. मला नाही बघवलं. काल तू दादरला गेल्यावर मी कॅमेरा चालवणारा माझा ड्रायव्हर परत टाकला. कॅमेरा एक, त्याला तुझा आणि माझा दोन्ही ड्रायव्हर धरून बसले. ना पणत्या, ना हंडी. आप्पा काळ्या टीव्हीसमोर लुळा हात उचलून बसले आणि मला विचारतात, "माझो हात ह्येका दिसना नाय काय गो?"

आज सकाळी दोन्ही खेळांत नोंदलेले आकडे पाहिले. पणत्या लावताना हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. तुझ्या हंडीला परवा कानापर्यंत गेला. आप्पा लहानपणी वरच्या थराला चढायचे, हे तुला आठवलं. रोज तो हात चोळते मी, मला नाही आठवलं.

माझं किट ड्रायव्हरसकट काढलंय. परत टाकू नकोस, दोन्ही किटं पुन्हा भांडतील. दहाची गोळी दिलीस की त्यांना खेळायला बसव.

खेळ तू केलास, हे त्यांना माहीतच आहे. दुरुस्त ताईने केला म्हणून सांग. बिघडवला कोणी, ते नको.

ताई